मेहेंदळे गोड बोलू लागले

त्र्याण्णव सालच्या श्रावणात मी वाटीभर प्रसाद खाल्ला आणि त्यापायी तीन दिवस मरणाच्या दारात बसून आलो. प्रसादाचा दोष नव्हता. दोष सर्वस्वी माझा होता.

झालं होतं असं. माझ्या पोटात वरच्या बाजूला कळ यायची. आमच्या डॉक्टरांनी चार महिने रंगीबेरंगी गोळ्या देऊन पाहिल्या, मग कंटाळून चिठ्ठी लिहून दिली की नारायण पेठेतल्या अमुक एक्स-रे क्लिनिकात जा आणि बेरियमचा फोटो काढून घ्या. बेरियम म्हणजे खडूच्या भुकटीसारखं दिसणारं पांढरं औषध. ते पाण्यात कालवून प्यायला देतात. आपल्या पोटातला रस्ता एक्स-रेला एरवी दिसत नाही, बेरियम दिसतं. मग ते जिथून जिथून खाली उतरतं तिथला रस्ता प्लेटवर उमटत जातो. अट एकच. आदल्या रात्री दहानंतर पोटात काही जाता कामा नये, पाणीसुद्धा नाही.

अट मी पाळली. सकाळी सातला जिना उतरत होतो तर खालच्या मजल्यावरच्या ललिताबाईंनी अडवलं. त्यांच्याकडे आदल्या संध्याकाळी सत्यनारायण झाला होता, मला जायला जमलं नव्हतं, म्हणून त्यांनी माझ्या वाटणीचा शिरा राखून ठेवला होता. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं हे आमच्याकडे मूल धड बोलायला लागायच्या आधी शिकवतात. आणि प्रसाद काही कुणी जेवणात धरत नाही. जिन्यातच उभ्यानं मी तो संपवला. केळ्याचे चांगले जाड काप होते, बेदाणे होते. वाटी परत दिली, रुमालानं तोंड पुसलं आणि निष्पाप मनानं क्लिनिक गाठलं.

तिथं शरच्चंद्र मेहेंदळे या गृहस्थांशी माझी पहिली गाठ पडली. ते तिथले एक्स-रे टेक्निशियन. अंगकाठी छत्रीसारखी, चष्मा कपाळावर, आणि समोरचा माणूस आपला वेळ खायलाच जन्माला आलाय अशी मुद्रा. त्यांनी माझं नाव विचारलं, वहीत लिहिलं आणि मान वर न करता म्हणाले, "सकाळपासून काही खाल्लंय?"

"नाही."

"पाणी? चहा? तंबाखू? शेजाऱ्यांचा सल्ला?"

"काही नाही."

"बनियन काढा. गळ्यात साखळी असेल तर तीही काढा, आम्हाला तुमचं सोनं बघायचं नाहीये."

तासभर त्यांनी माझा जो पाणउतारा केला त्याची यादी देत नाही. श्वास धरा म्हटल्यावर मी धरला नाही, सोडा म्हटल्यावर धरून बसलो, डावी कूस म्हटल्यावर उजव्या कुशीवर गेलो. प्रत्येक चुकीची नोंद त्यांनी तोंडावर घेतली. मग ते प्लेट धुवायला अंधाऱ्या खोलीत गेले. बाहेर आले ते वेगळेच होऊन आले.

"सावकाश उतरा हं," ते म्हणाले. "डाव्या हाताला पायरी आहे, सांभाळून." माझा शर्ट त्यांनी स्वतः खुंटीवरून काढून दिला. एक बाही उलटी होती ती सुलटी करून दिली. "चहा घेणार का? मी सांगतो. इतका वेळ उपाशी आहात."

मी अगदी विरघळलो. वरून फणस असला तरी आत गरे आहेत, असं काहीसं मनात म्हणत चहा प्यायलो आणि खाली आलो. खाली रामदासचं औषधांचं दुकान. माझी नेहमीची गोळी घ्यायला थांबलो. कसं झालं, असं त्यानं विचारलं, मी म्हटलं, छान झालं, ते मेहेंदळे फार सज्जन गृहस्थ आहेत, मला चहा पाजला.

रामदास कात्रीनं गोळ्यांची पट्टी कापत होता. कात्री थांबली.

"मेहेंदळ्यांनी? तुम्हाला चहा विचारला?" त्यानं काउंटरची फळी वर केली, आतलं स्टूल बाहेर आणून ठेवलं आणि म्हणाला, "बसा साहेब. घाई नाही ना?"

मग हळूहळू कळलं. ते साऱ्या पेठेला माहीत होतं, मला सोडून. प्लेटवर काय दिसलं हे सांगायचा अधिकार टेक्निशियनला नसतो. ते डॉक्टरांनी सांगायचं. मेहेंदळ्यांनी हा नियम इतका कडक पाळला होता की पंचवीस वर्षांत एका पेशंटलाच काय, घरी बायकोलाही त्यांनी कधी चकार शब्द सांगितला नव्हता. पण माणूसच तो. प्लेट चांगली असली की ते पेशंटला हाकलून देत. वाईट असली की त्यांच्याच्यानं हाकलवत नसे. ते गोड बोलायला लागत. आणि फारच वाईट असली, तर चहा सांगत.

पुढचे तीन दिवस मी काय केलं ते थोडक्यात सांगतो. गॅसचं कार्ड कुठं असतं ते बायकोला दाखवलं. सात वर्षं अबोला धरलेल्या चुलतभावाला पत्र टाकलं. ऑफिसात, म्हणजे वीज मंडळात, साहेबांना मनापासून नमस्कार केला, तर त्यांना वाटलं मला बदली हवीय. रात्री पोटावर हात ठेवून पडायचो आणि वाटायचं, हाताखाली काहीतरी बसलंय आणि ते माझ्याआधी जागं होतं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला. जठरात सावली दिसतेय म्हणाले. पुन्हा एकदा फोटो काढा.

या खेपेला मी आदल्या दुपारपासून थुंकीसुद्धा जपून गिळली. मेहेंदळ्यांनी मला टेबलावर उताणं केलं, पालथं केलं, पोट दाबून पाहिलं. शब्द अजूनही तसेच मऊ. प्लेट धुवायला ते आत गेले तेव्हा छतावरच्या पंख्याचा आवाज मोजत बसलो होतो. दार उघडलं.

"उठा," ते म्हणाले. "शर्ट घाला आणि दारातून बाजूला व्हा, लोकांना यायचंय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उभ्या आयुष्यात कुणी इतकं प्रेमानं बोललं नव्हतं. मग त्यांनी विचारलं की मागच्या खेपेला खरंच काही खाल्लं नव्हतं का, आणि मी केळ्याच्या कापांसकट सगळं कबूल केलं. ते म्हणाले, केळ्याचा काप जठराच्या भिंतीला चिकटून बसला की अगदी गाठीसारखा दिसतो. देवाला काय, त्याला पोट नाही. आणि पंचवीस वर्षांत आपला एकही चहा वाया गेला नव्हता, पहिला वाया घालवण्याचा मान मी घेतला.

असा आमचा स्नेह जमला. दर शनिवारी दुपारी क्लिनिक बंद झालं की मी त्यांच्याकडे जायचो. ते शिशाचा जड एप्रन खुंटीला लावून, हात धुऊन, खिडकीपाशी बसायचे. मला पोटातलं काही कळत नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटे. म्हणायचे, ज्या घरात राहता त्या घराचा नकाशा माहीत नाही आणि निघालात जग बघायला. मग ते सांगायचे.

घास गिळला की तो विहिरीत धोंडा पडावा तसा पडत नाही. अन्ननलिका दहा इंचांची, मऊ, एरवी मिटलेली. घासाच्या मागे ती आवळते, पुढे सैल होते, आणि घासाला ढकलत ढकलत आठ-दहा सेकंदांत खाली पोचवते. माणसाला उलटं टांगलं तरी पोचवते. हे त्यांनी एका कॉलेजकुमाराला टेबल तिरकं करून प्रत्यक्ष दाखवलं होतं, त्यानं पैज लावली होती म्हणून. खाली जठर. जठर म्हणजे खडकवासल्याचं धरण, असं ते म्हणत, काम साठवायचं. आत आम्ल असं की लोखंडी खिळ्याला गंज चढवील, आणि तरी भिंत सुरक्षित, कारण भिंतीवर आतून चिकट लेप असतो. अन्न तिथं तीन-चार तास घुसळलं जातं. मग खालचं दार किलकिलं होतं आणि पाट सुटावा तसं थोडं थोडं पुढं जातं. पुढं वीस फुटांचं लहान आतडं, वेटोळं घालून बसलेलं. यकृताकडून पित्त येतं, स्वादुपिंडाकडून पाचक रस येतो, आणि जे काही अंगी लागायचं ते तिथंच लागतं. उरलेलं मोठ्या आतड्यात. ते चौकटीसारखं चारी बाजूंनी फिरलेलं. तिथं पाणी शोषून घेतात आणि बाकीचं तुम्हाला सकाळी भेटतं.

"आणि या सगळ्यात तुमचा हात कुठं?" ते विचारत. "तोंडाशी आणि शेवटी. मधल्या तीस फुटांत तुम्हाला कुणी विचारत नाही. तरी लोक म्हणतात, मी जेवण पचवलं."

त्यांच्याबरोबर लग्नाच्या पंगतीत बसणं मात्र धोक्याचं. लोक वधूवरांकडे बघत, हे जेवणाऱ्यांच्या गळ्याकडे. आपण जिलबी तोंडात टाकली की यांची नजर गळ्यावरून छातीवर, छातीवरून पोटावर उतरत जायची आणि तिथं थांबायची. पोचली, असं म्हणून ते पुढच्या माणसाकडे वळत. एकदा मात्र ते एका पाहुण्याकडे बघताना मध्येच थांबले. तो गृहस्थ घासागणिक पाण्याचा घोट घेत होता. मेहेंदळे उठले, त्याच्या पानाशी गेले आणि अत्यंत अदबीनं त्याला म्हणाले की आपली तब्येत कशी आहे, एकदा दाखवून घ्या बरं का. परत येऊन बसले ते जेवले नाहीत. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले की नळीत काही वाढायला लागलं की आधी भाकरी अडते. मग पोळी. मग भात. शेवटी पाणी. ही रांग कधी मोडत नाही. तो पाहुणा पुढच्या वर्षी नव्हता.

त्यांचा खरा अभिमान बेरियम कालवण्याचा. डबा उघडून पाण्यात टाकलं की झालं, असं ज्यांना वाटतं त्यांच्याविषयी ते बोलत नसत. ते आधी कोमट पाण्यात थोडी भुकटी मळायचे, मग पाणी वाढवायचे, मग धुतलेल्या मलमलीतून गाळायचे आणि शेवटी व्हॅनिलाचा एक थेंब. गुठळी राहिली तर प्लेटवर ती रोगासारखी दिसते. आपल्या हातच्या गुठळीनं कुणाच्या घरी रडारड व्हावी, हे त्यांना सोसण्यासारखं नव्हतं. मी पोटात केळं घेऊन गेलो ते त्यांना किती लागलं असेल हे मला फार उशिरा समजलं.

वर्षं गेली. शहर बदललं. क्लिनिकच्या बाकावर म्हातारेकोतारे बसायचे तिथं गळ्यात ओळखपत्र घातलेली पोरं दिसायला लागली. येरवड्याचा प्रज्ञेश नावाचा एक सॉफ्टवेअरवाला मुलगा आला होता. तो अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे काम करायचा, दुपारी उठायचा, कॉफीवर जगायचा आणि रात्री तीनला पिझ्झा खायचा. मेहेंदळ्यांनी त्याला सुनावलं की तुझी कंपनी अमेरिकेत असेल, तुझं जठर येरवड्यातच आहे, आणि त्याला रात्री झोपायची सवय आहे. मुलगा चिडला. मी बाकावर बसलो होतो, मी त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. त्याला वाटलं, इथं सगळेच वेडे आहेत.

दुसरा बदल म्हणजे नळीचा कॅमेरा. तोंडातून आत सोडायचा आणि टीव्हीवर बघायचं. क्लिनिक ज्यांचं होतं त्या थोरल्या डॉक्टरांचा मुलगा आमोद ते शिकून आला होता. हुशार मुलगा, लहानपणी याच क्लिनिकात मेहेंदळ्यांच्या टेबलाखाली खेळलेला, त्यांना काका म्हणायचा. बेरियमला आता महिन्याला चार-पाचच पेशंट येत. ते मशीन काढून त्या जागी सोनोग्राफीची खोली करायची, असं दोन हजार एकच्या दिवाळीत ठरलं. मेहेंदळ्यांची चौतीस वर्षं त्या मशीनपाशी गेली होती. आता ते चिडतील, चार टोमणे मारतील, असं मला वाटलं. ते म्हणाले, छान झालं, नव्या लोकांना जागा मिळेल.

मी त्यांच्याकडे पाहिलं. हा सूर मी पूर्वी कुठंतरी ऐकला होता. पण मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

मग रामदास एकदा सांगायला लागला की मेहेंदळे हल्ली दुकानावरून जाताना थांबतात, मुलं कशी आहेत विचारतात. वाण्याकडे त्यांनी सुटे नसल्याबद्दल क्षमा मागितली म्हणे. वय झालं की माणूस निवळतो, असं पेठेनं ठरवून टाकलं. पेठेला आनंद झाला होता. मला मात्र ते ऐकवत नसे आणि का ते मी स्वतःशीही बोलत नव्हतो.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात कुसुमवहिनी, म्हणजे मेहेंदळ्यांच्या पत्नी, आमच्याकडे आल्या. मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेली बाई. उगीच येणाऱ्यातल्या नव्हेत. तिळगूळ दिला, पाणी घेतलं, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

"भाऊजी, ते माझ्याशी गोड बोलतात," त्या म्हणाल्या.

मी हातातला तिळगूळ खाली ठेवला.

"परवा म्हणाले, भाजी छान झालीय. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. काल माझ्या हातातली पिशवी घेतली. रात्री विचारलं, तुला आयुष्यात काही करायचं राहिलंय का." त्यांचा आवाज अगदी सरळ होता, फळ्यावरचं गणित वाचावं तसा. "आधी मला वाटलं, माझंच काहीतरी त्यांना दिसलंय. मी आठ दिवस तेच समजत होते. मग माझ्या लक्षात आलं, ते भाकरी खात नाहीत."

दातांचं कारण त्यांनी सांगितलं होतं. दिवाळीपासून भाकरी बंद. आता पोळीही दुधात कुस्करून. मी बसल्या जागी ती रांग मनात म्हटली. भाकरी, पोळी. पुढं दोनच नावं उरत होती.

दुसऱ्या शनिवारी मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो. त्यांनी मला खुर्ची पुढं सरकवून दिली, ऊन डोळ्यांवर येतंय का विचारलं. मी म्हटलं, शरदराव, हे बंद करा, मला भीती वाटते. ते हसले. काही नाकारलं नाही. कधीपासून, विचारलं तर म्हणाले, गणपतीपासून. घास छातीच्या हाडामागे येतो आणि उभा राहतो. आत कुणीतरी दार लावून घेतल्यासारखं वाटतं. पाणी प्यायलं की जातो. मग तपासून का घेत नाही, हे मी तीन प्रकारे विचारलं. पहिल्यांदा त्यांनी ऐकलं नाही, दुसऱ्यांदा ते खिडकीबाहेर पाहत राहिले. तिसऱ्यांदा बोलले.

"चौतीस वर्षं मी मशीनच्या काचेच्या या बाजूला उभा आहे. त्या बाजूला उभा राहिलो, तर इकडे कोण?"

 मी त्यांना सांगितलं की असल्या गोष्टीत दिवस मोजावे लागतात, लवकर कळलं तर ऑपरेशन होतं. हे त्यांना सांगणारा मी कोण! ते त्यांनाच ठाऊक होतं, दर महिन्याला प्लेटवर पाहिलेलं. पण कळणं आणि स्वतःच्या गळ्याशी येणं यांत किती अंतर असतं ते त्या दिवशी मला दिसलं. जो माणूस पंगतीत परक्याच्या पानाशी जाऊन दाखवून घ्या म्हणाला होता, तो स्वतः पाच महिने पाण्याच्या घोटावर घास उतरवत बसला होता.

फेब्रुवारी गेला. मी शनिवारी जात होतो आणि ते मला चहा पाजत होते. मी तो घोट घोट संपवायचो. दुसरं काय करणार! वहिनी मला रस्त्यात गाठून हळूच सांगायच्या: आज भात मऊ लागला. आज भात पातळ लागला. होळीला पुरणपोळी केली ती त्यांनी ताटात फिरवून फिरवून तशीच ठेवली आणि तिची तोंडभर स्तुती केली. त्या रात्री वहिनी स्वयंपाकघरात उभ्या राहून एकट्या जेवल्या. आमोदला सांगावं, असं माझ्या मनात बरेचदा आलं. पण वहिनींनी शपथ घातली होती. आमोदला दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर ते हट्टाला पेटतील आणि उरलेले दिवसही जातील, असं त्यांचं गणित. ते चुकीचं नव्हतं.

मार्चअखेरीस मशीन काढायला माणसं येणार, असं पत्र आलं. शेवटच्या शनिवारी मी गेलो तेव्हा मेहेंदळे कपाटातले डबे लावत होते. बेरियमचा एक डबा अर्धा उरला होता. तो हातात घेऊन ते उभे होते. त्यांचा गळा कॉलरमध्ये सैल झाला होता. मला एकदम सुचलं ते मी बोललो; आधी विचार केला असता तर जमलं नसतं.

मी म्हटलं, शरदराव, तपासणी तुमची आज ना उद्या होणारच आहे. पाणी अडलं की तुम्हाला उचलून नेतीलच. पण तेव्हा हे मशीन इथं नसेल. कुठल्या तरी मोठ्या हॉस्पिटलात, कुणीतरी पोरगा, डबा उघडून, पाणी ओतून, चमच्यानं ढवळून देईल. गाळणारसुद्धा नाही. ते प्याल तुम्ही?

त्यांनी डब्याचं झाकण काढून आत बघितलं.

"गुठळ्या ठेवतात लोक," ते शेवटी म्हणाले.

रविवारी सकाळी आठला आम्ही चौघं क्लिनिकात जमलो. आमोदला त्यांनी स्वतःच फोन केला होता. काय सांगितलं देव जाणे, पण पोरगा दाढी न करता धावत आला होता. वहिनी बाहेरच्या बाकावर बसल्या. इतर बायका बसतात तशाच, पर्स मांडीवर घेऊन. मेहेंदळ्यांनी मलमल धुतली, पिळली. भुकटी मळली. पाणी वाढवलं. गाळलं. व्हॅनिलाची बाटली हातात घेतली आणि क्षणभर विचार करून परत ठेवून दिली. मग शर्ट काढला, स्वतःच घडी घातली आणि काचेच्या त्या बाजूला जाऊन उभे राहिले. मी आणि आमोद इकडे. इतक्या वर्षांत ते मला एवढे बारीक कधी दिसले नव्हते. फासळ्या मोजता आल्या असत्या.

"जरा डावीकडे वळवा मला," आतून आवाज आला. "सरळ उभं ठेवलंत तर मागे मणका येईल. शिकवलं नाही का? हां. आता मी गिळतोय. मी मान हलवली की दाबा."

आमोदनं बटणावर बोट ठेवलं. पडद्यावर पांढरी धार उतरली. गळ्यातून सरळ, गुळगुळीत, एखाद्या चांगल्या हातानं ओढलेल्या रेघेसारखी. छातीच्या मध्याखाली आली आणि थांबली. वर साचायला लागली. फुगली. मग त्या साठ्याच्या तळातून दोऱ्याएवढी एक बारीक धार वाकडीतिकडी, कुरतडल्यासारख्या कडांची, कशीबशी खाली गेली. मला प्लेट वाचता येत नाही. तरी मला मान फिरवावी लागली.

"उशीर केलात," मेहेंदळे म्हणाले. "पुन्हा गिळतो. या वेळी लवकर."

चार प्लेटी घेतल्या. त्या धुवायला त्यांनी आमोदला जाऊ दिलं नाही, तसेच उघड्या अंगानं अंधाऱ्या खोलीत गेले. लाल दिवा लागलेला दाराच्या फटीतून दिसत होता. आत पाण्याचा आवाज येत होता, मग तोही थांबला. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता उभे होतो.  दार उघडलं, ते ओल्या प्लेटी चिमट्यात धरून आले आणि त्यांनी एकेक करून त्या उजेडाच्या पेटीवर लावल्या. कपाळावरचा चष्मा खाली घेतला. कुणा परक्याची प्लेट बघावी तसे पुढं वाकून पाहत राहिले.

"काय दिसतंय, डॉक्टर?" त्यांनी आमोदला विचारलं.

आमोदनं घसा साफ केला. काका, तसं घाबरण्यासारखं काही नाही, आपण पुढच्या एक-दोन तपासण्या करून घेऊ, असं काहीसं तो बोलायला लागला.

"घाबरण्यासारखं नाही तर तुम्हाला घाम का फुटलाय? नीट बघा. कुठल्या भागात आहे?"

"खालच्या."

"लांबी?"

"चार... साडेचार सेंटिमीटर."

"पाच. कमी सांगून ते कमी होत नाही. उद्या कॅमेरा घालून तपासायला तुकडा काढा आणि सर्जनला फोन लावा. पाणी अजून जातंय, म्हणजे वेळ आहे. किती आहे ते त्याला ठरवू दे."

सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज जागेवर होता. आमोद फोनकडे गेला. खोलीत आम्ही दोघं उरलो. पेटीतल्या ट्यूबलाइटचा बारीक आवाज येत होता आणि प्लेटवरून पाण्याचे थेंब खाली फरशीवर पडत होते. दारापलीकडे बाकावर कुसुमवहिनी होत्या. त्यांच्या बांगड्या एकदा वाजल्या आणि थांबल्या. त्यांना काय सांगायचं, किती सांगायचं, आणि मुख्य म्हणजे कोणत्या चेहऱ्यानं, हे मला सुचेना. डॉक्टर काय ते सांगतील असं म्हणावं, की आज काही कळलं नाही असं म्हणून उद्यावर ढकलावं? मी त्यांचा घडी घातलेला शर्ट हातात घेऊन उभा होतो. विचारलं, "शरदराव, वहिनींना मी काय सांगू?"

"तुम्ही काही सांगू नका, तुम्हाला प्लेट वाचता येत नाही, तिला आत पाठवा, मी वाचून दाखवतो."